शहरातल्या झाडांचं आरोग्य आणि सगळ्यांनी मिळून करायचं संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही पुण्यातल्या एका वसाहतीतले रहिवासी. आमच्यात वनस्पतिशास्त्राचे दोन प्राध्यापक आहेत, शाळेतली मुलं आहेत, बँकेतून निवृत्त झालेल्या एक मावशी आहेत, रत्नागिरीकडे आंब्याच्या बागेत आयुष्य काढून आता मुलाकडे राहायला आलेले एक काका आहेत आणि माझ्यासारखे काही जण. रविवारी सकाळी आम्ही रस्त्यावरच्या झाडांच्या नोंदी करतो. त्या नोंदी अभ्यासकांकडे जातात आणि उद्यान विभागाकडेही. काम करताना येणारे-जाणारे थांबून जे विचारतात, ते प्रश्न इथे उत्तरांसह दिले आहेत.

टेप लावून मोजताय, म्हणजे झाड तोडणार का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो, बहुतेकदा रागाने, आणि तो राग आम्हाला बरा वाटतो. रस्ता रुंद करायच्या आधी बुंध्यांवर आकडे पडतात हे लोकांनी पाहिलेलं असतं. आम्ही मोजतो ते तब्येतीसाठी. जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर, शिंप्याकडची टेप बुंध्याभोवती फिरवायची आणि घेर लिहायचा. वनखात्याची मोजणीची उंचीही हीच. तेच झाड, तीच उंची, वर्षातून दोनदा : पावसाच्या आधी आणि दिवाळी झाल्यावर. पालवी हिरवीगार असूनही घेर वाढायचा थांबला, तर खाली मुळांशी काही बिनसलंय का ते बघायला लागायचं.

संशोधन शास्त्रज्ञांनी करायचं. त्यात आमच्यासारख्यांचा काय उपयोग?

खूप. शास्त्रज्ञ तुमच्या फाटकासमोरचं झाड रोज पाहत नाही, तुम्ही पाहता. आशियातला लांब मिशांचा एक भुंगा मेपलची झाडं आतून पोखरतो. तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला १९९६ मध्ये, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात, आणि तो लक्षात आला एका रहिवाशाच्या. २००८ मध्ये मॅसेच्युसेट्समधल्या वूस्टर शहरातही एका रहिवासी बाईंनीच त्याची खबर दिली. पण तोवर तो तिथे बराच पसरला होता आणि तीस हजारांहून जास्त झाडं काढावी लागली. ऑस्ट्रेलियात पर्थजवळ २०२१ मध्ये एक बारीक भुंगेरा पकडला गेला, तोही परसातलं झाड का वाळतंय अशी कुणीतरी चौकशी केली म्हणून. तिन्ही वेळा किडीचं नाव प्रयोगशाळेने सांगितलं, पण प्रयोगशाळेपर्यंत ती पोचली शेजारपाजारच्या डोळ्यांमुळे. वूस्टरमध्ये कुणी काही वर्षं आधी बघितलं असतं तर किती झाडं वाचली असती, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

महापालिका वृक्षगणना करतेच की. मग हे वेगळं कशाला?

वृक्षगणना हवीच. महाराष्ट्रातल्या शहरांसाठी १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे आणि त्यात दर पाच वर्षांनी गणना करणं हे वृक्ष प्राधिकरणाचं कर्तव्य ठरवलेलं आहे. मुंबईच्या गणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडं मोजली गेली. एवढं काम रविवारच्या गटांना झेपणारं नाही. पण गणनेत एका झाडाच्या वाट्याला काही मिनिटं येतात, आणि आजार असा एका भेटीत समजत नाही. मूळ तुटल्यावर झाड कोसळायला तीन-चार वर्षं लागू शकतात. त्या मधल्या काळात झाडाकडे पाहणारं कुणीतरी लागतं.

दोन्ही कामं एकत्र करता येतात, हे न्यूयॉर्कने दाखवलं. तिथे रस्त्यावरच्या झाडांची गणना दर दहा वर्षांनी होते. २०१५ च्या गणनेत दोन हजारांहून जास्त स्वयंसेवक होते आणि साडेसहा लाखांहून जास्त झाडं नोंदली गेली. प्रत्येक झाडाची तब्येत, मुळांवर आलेले दगड, खोडाला गुंडाळलेल्या वायरी, सगळं लिहिलं गेलं आणि कुणालाही बघता येईल असं खुलं ठेवलं गेलं. आपल्याकडेही हाच खुलेपणा मला हवा आहे. नोंद कपाटात गेली की ती नसल्यासारखीच.

साध्या माणसांनी केलेल्या नोंदींवर भरवसा ठेवता येतो का?

कुठल्या नोंदींवर, ते पाहावं लागतं. अमेरिका आणि स्वीडनमधल्या शहरांत स्वयंसेवकांच्या नोंदी तज्ज्ञांच्या नोंदींशी ताडून पाहिल्या गेल्या. झाड जिवंत की मेलेलं, यात चुका जवळजवळ नव्हत्या. प्रजाती ओळखण्यात त्या जास्त होत्या. आमचा अनुभवही तोच. फुलं नसताना गुलमोहर, सोनमोहर आणि नीलमोहर यांची बारीक पिसांसारखी पानं बघून नवा माणूस गोंधळतोच. म्हणून खात्री नसेल तर नाव लिहायचं नाही. पानाचा वरून एक, खालून एक, सालीचा एक आणि आख्ख्या झाडाचा एक असे फोटो काढायचे, नाव प्राध्यापक लिहितील. चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा बरी.

झाडाकडे पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं?

आधी लांब उभं राहून शेंडा पाहा. पानगळीचा हंगाम नसताना टोकाच्या फांद्या उघड्या पडल्यात का? झाड शेंड्याकडून वाळत येत असेल तर दुखणं बहुधा मुळाशी असतं. एकाच बाजूची एखादी फांदी वाळली असेल तर त्या फांदीत किंवा त्या बाजूच्या मुळांत शोधा.

मग जवळ या. सालीतून डिंक किंवा काळपट पाणी झिरपतंय का? भोकं आहेत का, आणि त्यांच्या तोंडाशी लाकडाचा भुसा आहे का? भुसा असेल तर कीड. बुंध्याला गोलाकार ओळीत, खाली उतरती, एकसारख्या मापाची स्वच्छ भोकं दिसली तर मात्र ते माणसाने ड्रिल मारून विष ओतल्याचं लक्षण असू शकतं. तसं दिसलं तर फोटो काढून त्याच दिवशी कळवा.

लाकडी हातोडीने खोड हलकेच ठोकून बघा. कुंभाराकडे मडकं वाजवून घेतो ना, तसंच. भरीव खोडाचा आवाज बद्द येतो, पोकळ खोड घुमतं. हातोडीवरून निदान करायचं नसतं, पण कुठल्या झाडाकडे तज्ज्ञाला आधी न्यायचं ते तिच्यावरून ठरतं.

शेवटी खाली बसा. लोक इथे बसत नाहीत आणि खरं काय ते इथेच दिसतं. आमच्या कोपऱ्यावर एक जुना गुलमोहर होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्या बुडाशी वितभर रुंद, अर्धगोल, वॉर्निश केल्यासारखी चकचकीत तांबूस तपकिरी अळिंबी उगवली, कडेला पांढरी किनार. आठवडाभराने शेजारच्या गवतावर आणि एका स्कूटरच्या सीटवर कोकोच्या पुडीसारखी तपकिरी धूळ बसलेली दिसली. ते त्या बुरशीचे बीजाणू होते. ही गॅनोडर्मा, मुळं आणि बुंध्याचं लाकूड कुजवणारी बुरशी. ती बाहेर दिसते तोवर आत तिचं बरंच काम झालेलं असतं. अळिंबी खुडून टाकली तर झाड बरं होत नाही, फक्त खूण नाहीशी होते. म्हणून खुडू नका, नोंदवा.

आमच्या रेन ट्रीवर पांढरा कापूस आल्यासारखं दिसतंय. ते काय?

बहुतेक पिठ्या ढेकूण. कपाशी, पपई, द्राक्षं लावणाऱ्यांना तो चांगला माहीत आहे. झाडाखाली लावलेल्या गाड्यांच्या काचा चिकट होतात, बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढते, मग पानांवर काजळीसारखा काळा थर येतो. चिकटा किडीचा, काजळी त्या चिकट्यावर वाढलेल्या बुरशीची, आणि मुंग्या चिकट्यासाठी आलेल्या. मुंग्या किडीची राखण करतात, मित्रकीटकांना जवळ येऊ देत नाहीत. मुंबईत गेल्या दशकात रेन ट्री मोठ्या संख्येने वाळले, तेव्हा याच किडीचं नाव पुढे आलं. पण एका किडीवर सगळा दोष टाकून मोकळं होणं मला पटत नाही. बुंध्यापर्यंत काँक्रीट, दर उन्हाळ्यात खच्ची छाटणी आणि मग कीड, असा तो क्रम असतो. अशक्त झाडावर कीड फावते.

टँकर आणून साठ फूट उंचीवर कीटकनाशक उडवू नका. ते निम्मं खालच्या मुलांवर पडतं, आणि पिठ्या ढेकणाला खाणारे ढालकिडे आधी मरतात. खालच्या फांद्यांवर पाण्याचा जोरदार फवारा मारा, किडीने भरलेले शेंडे कापून पिशवीत बंद करून न्या, मुंग्यांची वाट तोडा.

मोठ्या पातळीवर काय होऊ शकतं त्याचं उदाहरण पपईवरच्या पिठ्या ढेकणाचं आहे. तो २००८ मध्ये कोइंबतूरकडे आढळला आणि पपई, तुती, टॅपिओकावर भराभर पसरला. फवारण्या करून लोक थकले. मग बंगळुरूच्या संशोधन संस्थेने अमेरिकेच्या कृषी खात्याच्या मदतीने २०१० मध्ये पोर्टो रिकोतून त्या किडीवर जगणाऱ्या चिमुकल्या गांधीलमाश्या आणल्या. त्या आधी बंदिस्त जागेत तपासल्या, वाढवल्या आणि मग सोडल्या. कीड आटोक्यात आली. पुण्यामुंबईच्या रस्त्यावरच्या झाडांसाठी एवढ्याच चिकाटीने काम व्हावं, अशी माझी मनापासून मागणी आहे.

बुंध्याभोवती पेव्हर ब्लॉक बसवले तर बिघडतं काय? पाणी फटींतून जातंच की.

पाणी थोडं जातं, हवा जात नाही. मुळांना श्वास घ्यावा लागतो. अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं खोल नसतात, बहुतेक वरच्या दीड-दोन फुटांतच आडवी पसरतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात. तीच जागा आपण रोलर फिरवून घट्ट करतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने एप्रिल २०१३ मध्ये दिल्लीतल्या प्रकरणात झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं. तेव्हापासून एक मीटर हे माप बोललं जातं. ते किमान आहे, पुरेसं नाही.

काढताना ब्रेकर लावू नका. छिन्नी-हातोडीने, एकेक ब्लॉक. बुंधा जमिनीपाशी जिथे रुंद होतो तो भाग उघडा राहायला हवा, त्यावर माती चढवून पार बांधू नका. मोकळ्या जागेत पालापाचोळा पसरा, बुंध्याला चिकटवून नको. आणि तारीख लिहून ठेवा. एकाच रस्त्यावर, एकाच जातीची, एका वयाची झाडं आहेत, काहींचं बूड मोकळं केलंय आणि काहींचं अजून व्हायचंय, अशी ओळ अभ्यासकाला मिळाली तर घेरातला फरक वर्षागणिक मोजता येतो. तारीख नसेल तर ते झाड अभ्यासाच्या कामाचं राहत नाही.

छाटणीनंतर जखमेवर गेरू, डांबर किंवा ऑइल पेंट लावावा ना?

कुजणं त्याने थांबत नाही. अमेरिकेच्या वनसेवेतल्या अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. १९७० च्या दशकात त्यांनी मांडलं की झाड जखम भरून काढत नाही, ते तिच्याभोवती भिंती घालून तिला कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. या भिंती चांगल्या बसणार की नाही, ते काप कुठे घेतला यावर ठरतं. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे बुडाशी एक फुगीर कडं दिसतं. काप त्या कड्याच्या जरा बाहेर हवा. खोडाला चाटून कापली तर कडं जातं, हातभर खुंट ठेवला तर तो कुजत आत शिरतो. जड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप द्यायचा, नाहीतर ती पडताना साल सोलत नेते.

आंबेवाले काका बोर्डो पेस्टचा, म्हणजे मोरचूद आणि चुन्याच्या लेपाचा, आग्रह धरतात. बागेत ती ठरावीक बुरशीजन्य रोगांसाठी लावतात, तिथे ते ठीक. डांबराचं समर्थन मात्र तेही करत नाहीत.

झाडांना ठोकलेले खिळे, गुंडाळलेल्या वायरी?

काढाव्यात. पुण्यात ‘आंघोळीची गोळी’ या संस्थेने खिळेमुक्त झाडांची मोहीम चालवली, तिच्यातून अनेक जण या कामाला लागले. सालीत खोल रुतलेली जुनी तार ओढून काढू नका, दोन्ही बाजूंनी कापा आणि आत गेलेली तिथेच राहू द्या.

शेतकऱ्यांच्या ज्ञानाचा शहरातल्या झाडांना काय उपयोग?

आमच्या गटात मला सगळ्यात जास्त शिकायला मिळालं ते काकांकडून. सोसायटीच्या आंब्याच्या खोडाखाली भुसा पडलेला पाहून आम्ही फोटो काढत बसलो होतो. काका म्हणाले, “फोटो नंतर काढा, भिरूड आहे. तार आणा.” सायकलच्या तारेला टोकाला आकडा करून त्यांनी ती भोकात सरकवली, हाताला काहीतरी मऊ लागेपर्यंत फिरवली आणि बोटाएवढी जाड पांढुरकी अळी ओढून बाहेर काढली. मग भोक चिखलाने लिंपलं. नोंदवहीत त्या दिवशी प्राध्यापकांनी किडीचं शास्त्रीय नाव लिहिलं आणि काकांनी सांगितलेली लक्षणं. दोन्ही एका पानावर आहेत.

सांगोल्याकडच्या डाळिंब बागायतदारांना विचारा, खोडाला टाचणीएवढी भोकं पाडणारा शॉट होल बोरर आणि मर रोग काय असतो ते सांगतील. याच जातकुळीतला एक भुंगेरा आपल्याबरोबर बुरशी घेऊन झाडात शिरतो. मूळचा आग्नेय आशियातला. दक्षिण आफ्रिकेत तो २०१७ मध्ये पीटरमॅरित्झबर्गच्या वनस्पती उद्यानात ओळखला गेला आणि जोहान्सबर्गच्या रस्त्यांवरची कितीतरी झाडं त्याने घेतली. उद्यानातली झाडं पहारेकऱ्यासारखी तपासत राहायची, अशा एका प्रकल्पात प्रिटोरिया विद्यापीठाच्या अभ्यासकांना तो सापडला होता. आपल्याकडे बागायतदार, कृषी महाविद्यालयं आणि महापालिकेचे माळी एकमेकांशी फारसे बोलत नाहीत. कीड मात्र ही हद्द पाळत नाही.

बांडगूळ सरसकट काढावं का?

फांदीवर त्याचा पसारा झाडापेक्षा मोठा झाला असेल तर काढा, फळं धरायच्या आधी आणि चिकटलेल्या जागेच्या खालून. फुलटोच्या पक्षी त्याची चिकट बी पुढच्या फांदीवर पुसतो, म्हणून उशीर नको. धडधाकट झाडावर एखादं असेल तर राहू द्या. हळदीकुंकू फुलपाखराच्या अळ्या त्यावरच वाढतात.

नमुना प्रयोगशाळेत कसा द्यायचा?

आधी फोन करून विचारा, मगच घेऊन जा. प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, वाटेतच कुजतो. कागदी पाकीट किंवा वर्तमानपत्र वापरा. पूर्ण मेलेला भाग देऊन उपयोग नाही. निरोगी आणि रोगट भाग जिथे भेटतात ती कड हवी, कारण रोगाचा जंतू तिथे जिवंत असतो. पाकिटावर झाडाचं नाव, जागा, तारीख आणि आसपास अलीकडे काय झालं (खोदाई, छाटणी, आग) ते लिहा. पुण्यात आपलं भाग्य असं की आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्रही इथेच आहे.

असं एकत्र काम करून खरंच कुठे झाडं वाचली आहेत का?

हॉलंडचे एल्म वाचले. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास युरोपात हे वृक्ष पटापट मरायला लागले. कुणी दुष्काळ म्हणे, कुणी युद्धातला विषारी वायू. योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत बेआ श्वार्झ या तरुण संशोधिकेने १९२२ मध्ये सांगितलं की ही बुरशी आहे. अनेकांनी मानलं नाही. क्रिस्टिन बाउसमन यांनी काही वर्षांनी पुन्हा प्रयोग करून ते सिद्ध केलं, आणि रोगाला तोंड देणारी रोपं शोधायला सुरुवात केली. बुरशी पसरवणारा सालीतला भुंगेराही सापडला. आज ॲमस्टरडॅममध्ये कालव्यांकाठी हजारो एल्म उभे आहेत. रोगट झाड दिसलं की लगेच कळवायचं आणि काढायचं, हा शिरस्ता तिथे अजून चालतो.

सगळी देशी झाडं लावली की प्रश्न सुटेल ना?

देशी झाडं लावाच, पक्ष्याकिड्यांसाठी ती हवीत. पण बुडाशी काँक्रीट असेल तर कडुनिंबही वाळतो. आणि आख्खा रस्ता एकाच जातीचा केला तर पुढची कीड आख्खा रस्ता खाईल. अमेरिकेतल्या फ्रँक सांतामूर यांनी १९९० मध्ये एक ढोबळ नियम दिला : शहरातल्या झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातिसमूहाची (जवळच्या जातींच्या गटाची) २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून जास्त झाडं नकोत. तुमच्या गल्लीतली झाडं या नियमाला लावून बघा.

झाड धोकादायक वाटतंय. स्वतः कापू का?

नाही. परवानगीशिवाय तोडणं गुन्हा आहे. उद्यान विभागाला फोटोसह लेखी कळवा. वर सांगितलेल्या १९७५ च्या कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं आणि त्याहून जुनी झाडं वारसा वृक्ष धरली जातात, तेव्हा अर्जात वयाचा अंदाजही लिहा.

मी एकटीच आहे, गट नाही. काय करू?

एक झाड घ्या. ‘सीझनवॉच’ हा देशभरातला उपक्रम त्यासाठीच आहे : एक झाड निवडून पालवी, फुलं आणि फळं नाहीत, थोडी आहेत की भरपूर, एवढंच नियमित नोंदवायचं. शाळकरी मुलंही ते करतात. आरोग्याच्या नोंदी त्याच वहीत मागच्या पानांवर ठेवा.

झाड पडलं किंवा मेलं, की नोंद संपली?

तेव्हा तर उलट अर्धा दिवस काढून जा. कोपऱ्यावरच्या ज्या गुलमोहराबद्दल वर लिहिलं, तो पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये पहाटे पडला. अळिंबी दिसल्यावर आम्ही कळवलं होतं, माथा हलका केला गेला होता आणि खालची वाहनं हलवली होती, म्हणून कुणाला इजा झाली नाही. खोड उचलून नेण्याआधी आम्ही बुडाचे फोटो घेतले, पोकळी टेपने मोजली. पश्चिमेकडची तीन जाड मुळं तुटलेली नव्हती, सरळ कापलेली होती, आणि कापलेल्या तोंडांवर जुना काळा थर चढलेला होता. वही मागे चाळली. तीन वर्षांपूर्वीच्या पानावर मावशींच्या अक्षरात एक ओळ सापडली : “केबलसाठी चर खणला, पदपथाची पश्चिम बाजू.” त्याच चराच्या रेषेत आणखी चार झाडं आहेत, दोन गुलमोहर, एक काशीद, एक पिंपळ. त्या चौघांची नावं आम्ही त्या दिवशी तपासणीच्या यादीत सगळ्यात वर घेतली.